रागानं केलेली स्तुती

आमच्या चर्चच्या पाळकांची बायको माझ्या खाटेवर येऊन बसली. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "ताई, अशा वेळीच तर स्तुती करायची असते. तोंड उघडा आणि प्रभूची स्तुती करा. सैतानाला तेच नको असतं."

मी तोंड उघडलं. आतून नुसती हवा निघाली, सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी. मला तिला म्हणायचं होतं, उठ माझ्या खाटेवरून. पण ते वाक्य 'उ'च्या पुढं गेलंच नाही. तिला वाटलं मी प्रार्थना करते आहे. तिनं डोळे मिटले, मान हलवली आणि आमेन म्हटलं.

राग आलेल्या माणसाला निदान ओरडता येतं. दोन शब्द तोडून बोलता येतात, शिव्या घालता येतात. माझा राग आतल्या आत फिरत राहायचा, कारण तो बाहेर यायला ज्या वाटेनं यायला हवा तीच वाट डॉक्टरांनी कापून ठेवली होती. सुरुवातीच्या दिवसांत मी बोलले नाही, भांडी आपटली. शेजारच्या बायांना माझ्या स्वयंपाकघराच्या आवाजावरून माझी तब्येत कळायची.

मी आमगावजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माहेर तिरोड्याचं, बौद्ध. माझा मामा भीमगीतांच्या पार्टीत गायचा. एप्रिल महिना आला की तो घरी दिसायचा नाही, आज या गावात तर उद्या त्या. मी सातवी-आठवीत असताना त्याच्यामागं कोरसमध्ये उभी राहू लागले. माईकपासून किती लांब उभं राहायचं, श्वास कुठं चोरायचा, ढोलकीवाल्याशी डोळ्यांनी कसं बोलायचं, हे सगळं मी तिथं शिकले. आईला गाणं येत नव्हतं. लहानपणीच तिला सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की तू गप्प राहत जा, तुझा भाऊ गातो तेवढं पुरे आहे.

पुढं मी आपल्या मर्जीनं लग्न केलं. नवरा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये यंत्रं दुरुस्त करतो, रोज सकाळी गाडीनं जातो आणि संध्याकाळी परत येतो. त्याचं घर त्याच्या आजोबांपासून ख्रिस्ती. आईला हे लग्न पसंत नव्हतं. ती म्हणाली होती, "तुया आज्यानं घरातले देव नदीत सोडले. इतक्या मुश्कीलनं आमी एका देवापासून सुटलो, अन् तू दुसऱ्याच्या घरी चालली." मी तेव्हा हसले होते. नवऱ्यावर माझा जीव होता, त्याच्या देवाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

पण दर रविवारी सासूबरोबर आमगावला उपासनेला जायला लागले. गावाच्या कडेला टिनाच्या छपराचा हॉल, आत सतरंज्या अंथरलेल्या, एक ढोलक, एक की-बोर्ड. कोणी मराठीतून प्रार्थना करायचं, कोणी हिंदीतून, मागच्या बाया आपसांत पोवारी बोलीत बोलायच्या. गाणी निम्मी हिंदी. मी आधी नुसती टाळ्या वाजवायची. मग एका रविवारी गाणं फार खाली सुरू झालं, लोकांना ते उचलता येईना, तेव्हा मी न राहवून वरच्या पट्टीत धरलं आणि सगळा हॉल माझ्यामागं आला. देव मला पुढं कळला, आधी चाल कळली. त्यानंतर किती वर्षं मी त्या हॉलमध्ये पुढं उभी राहून गायले. माझ्या गाण्यानं लोक रडायचे. मीही रडायची. डोळे मिटून हात वर केला की मला खरंच वाटायचं की ज्याच्यासाठी गाते आहे तो दोन हातांच्या अंतरावर उभा आहे.

मग गळ्यात गाठ आली. थायरॉईडची. नागपूरला दाखवलं, डॉक्टर म्हणाले काढावी लागेल. मी त्यांना दोनदा सांगितलं, "सर, मी गाते. चर्चमध्ये गाते." ते फोनवर काहीतरी बघत होते. म्हणाले, "अरे बाई, दोन दिवस आवाज बसेल, मग काय गायचं ते गा."

ऑपरेशन झालं. दोन दिवस गेले, आठवडा गेला. आवाज नाही. परत दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी नळी घालून पाहिलं आणि नवऱ्याकडं बघून सांगितलं की आवाजाची एक नस असते, ती दुखावली आहे, एका बाजूचा पडदा हलत नाही, काही महिन्यांत येईलही, नाहीतर नाही येणार. माझ्याकडं बघून नाही सांगितलं. जणू ज्याचा गळा होता ते माणूस खोलीत नव्हतंच.

मी अंगणवाडीत परत रुजू झाले. लहान लेकरांना कुजबुजत शिकवणं काय असतं ते ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. पहिल्या दिवशी मी 'बसा' म्हटलं तर कोणी ऐकलंच नाही. मग एक पोरगी जवळ आली, माझ्या तोंडाला कान लावला आणि सगळ्यांना कुजबुजून सांगितलं, "बाई म्हन्ते बसा." तेव्हापासून सगळी पोरं माझ्याशी कुजबुजूनच बोलायला लागली. त्यांना तो खेळ वाटला. त्यांच्यावर माझा राग नव्हता. राग आला तो पर्यवेक्षिकाबाईंचा. त्या आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकी शांतता? बालगीतं घेत नाही का तुम्ही?" मी गळ्यावरचा व्रण दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "मोबाईलवर लावा ना मग. कार्यक्रम तर झाला पाहिजे."

पण या सगळ्यांपेक्षा जास्त राग मला आमच्या चर्चच्या मंडळीचा होता, कारण त्यांच्याकडून माझी अपेक्षा होती. पहिले काही रविवार मी गेले. पुढं एक कॉलेजातली मुलगी गात होती, जिला मीच शिकवलं होतं. ती चांगली गात होती, तिचा काही दोष नव्हता. मी मागच्या भिंतीला टेकून बसायची. उपासना संपली की एकेक जण यायचा. एक म्हणाला, विश्वास ठेवा, विश्वासानं मागितलं की मिळतं. म्हणजे मिळालं नाही ते माझ्या विश्वासात कमी होती म्हणून. एक म्हणाली, देवाची काहीतरी योजना असेल. कसली योजना? एका बाईचा गळा कापून कोणाचं भलं होणार होतं? आणि एक वयस्क बाई, जी माझ्या गाण्यावर सगळ्यात जास्त रडायची, तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवत सांगितलं, "बेटी, तुला आपल्या आवाजाचा जरा गर्व झाला होता ना, म्हणून प्रभूनं परीक्षा घेतली."

घरी येताना मी वाटभर त्याच वाक्याला उत्तर देत राहिले, तोंडातल्या तोंडात. होता गर्व. नसता तर मी एवढी वर्षं सराव केला असता का? ज्याला आपल्या कामाचा गर्व नाही त्यानं ते काम करूच नये. आणि गर्वाची शिक्षा जर ही असेल, तर मंडळीत असे किती जण आहेत ज्यांची जीभ अजून जाग्यावर आहे.

त्यानंतर मी जाणं सोडलं.

रागाबद्दल मी इतकं लिहिते आहे, पण खरी वाईट अवस्था त्याच्या नंतरची होती. काही आठवड्यांनी रागही थकला. अंगणवाडीतून आलं की मी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायची. भांडी आपटणंही बंद झालं. जी थोडीफार कुजबुज येत होती तीही मी वापरेनाशी झाले, नवऱ्याला हातानं दाखवायची, जेवण तिकडं आहे, पाणी आणून ठेव. तो रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहायचा आणि विचारायचा, "चलते का?" मी मान हलवायची. तो एकटा जायचा. परत आला की काही सांगायचा नाही. एकदा मी खाटेवरून पाहिलं, तो अंगणात सायकल पुसत होता आणि गुणगुणत होता, मी बघते आहे हे लक्षात आलं तसा एकदम थांबला. माझ्यामुळं घरात गाणं चोरून म्हणावं लागत होतं. ते मला दिसत होतं आणि तरी मला काही वाटत नव्हतं. काहीच वाटत नाही, हे रागापेक्षा फार वाईट आहे.

पाळकांची बायको खाटेवर येऊन बसली ती याच दिवसांत. तिच्या त्या आमेननं मेलेला राग पुन्हा पेटला, एवढं मात्र तिचं देणं मी मानते.

नवऱ्यानं तिरोड्याला फोन केला असावा, कारण त्याच आठवड्यात आई आली. पिशवीत लाखोरीची डाळ आणि जवसाची चटणी. तिनं माझ्या गळ्यावरचा व्रण उजेडात नेऊन पाहिला, बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाली, "बरा शिवला." मग पदर खोचून स्वयंपाकाला लागली. रडली नाही.

दोन दिवसांनी पाळकांची बायको पुन्हा आली. पुन्हा खाटेवर बसली, पुन्हा माझा हात घेतला आणि म्हणाली, "ताई, स्तुती चालू आहे ना?"

आई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, "बाई, तुमचा गळा कधी चिरला का कोनी?"

"नाही हो माय, प्रभूच्या कृपेनं..."

"मंग चहा घ्या," आई म्हणाली, "अन् खुर्चीवर बसा. ते तिची झोपाची जागा हाय."

ती खुर्चीवर बसली. चहा पिऊन गेली. मला कित्येक दिवसांनी हसू आलं, ते हसूही नुसत्या हवेचंच होतं. आई कप विसळून आली आणि माझ्यासमोर तीच खुर्ची ओढून बसली.

"काऊन झोपून राहते व? कोनाचा राग आहे तुले?"

मी कुजबुजले, "सगळ्यांचा."

"सगळ्यांचा म्हनजे कोनाचाच नाही. एकेक सांग."

"डॉक्टरचा."

"बरं. आनखी?"

मी पाळकांच्या बायकोचा सांगितला, पर्यवेक्षिकाबाईंचा सांगितला, गर्व काढणाऱ्या त्या म्हातारीचा सांगितला. आई प्रत्येक वेळी "आनखी?" म्हणत होती. शेवटी मी म्हटलं, "देवाचा."

आईनं खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, "हे सांगितलं का त्याले?"

"नाही."

"कायले नाही?"

"सगळे म्हणतात त्याची स्तुती कर. भांड असं कोणी म्हणत नाही."

"तुया बापासंग माहं भांडन होये तं मी का शेजारनीच्या घरी जाऊन बसो? त्याच्या समोर उभी राहो. मी त्याले मानत नाही, तुले माहीत आहे. पन तू मानते. मानते तं त्याच्या घरी जा, समोर उभी राहा अन् भांड. इथं भिंतीकडं तोंड करून काय होऊन राहिलं?"

मी म्हटलं मला आवाज नाही. ती म्हणाली, भांडायले आवाज नाही लागत, समोर जावं लागते. आणि मग, जसं काही बाजारात सोबत यायची गोष्ट असावी तसं, "मी येतो तुयासंगं रविवारी. पन हात नाही जोडनार, आधीच सांगतो."

तो रविवार कापणीच्या उपासनेचा होता. धान घरात आलं की आमच्या मंडळीत एक रविवार त्यासाठी ठेवतात. पुढच्या सतरंजीवर नव्या धानाची रास, तांदळाच्या टोपल्या, दुधी, पपया, कोणी कोंबडा पाय बांधून ठेवलेला. हॉल खच्चून भरला होता. लांबच्या जंगलपट्टीतल्या गावांतूनही लोक आले होते. मी आणि आई बायांच्या बाजूला मध्येच अडकलो, मागं भिंतीपर्यंत जायला जागा उरली नव्हती. आई मांडी घालून ताठ बसली, हात मांडीवर ठेवून. लोक ओळख दाखवायचे, ती मान हलवून "जय भीम" म्हणायची. काहींनी हसून परत जय भीम म्हटलं.

गाणं सुरू झालं. जलद चालीचं, ढोलक कडक वाजत होता, सगळे उभे राहिले. गाण्यात देव चांगला आहे, देव चांगला आहे असं पुन्हा पुन्हा येत होतं. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. हे गाणं मी शेकडो वेळा गायले होते. कोणत्या ओळीवर श्वास घ्यायचा तिथं माझी छाती आपोआप भरत होती आणि भरलेला श्वास तसाच नाकावाटे सोडून द्यावा लागत होता.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक आवाज आला. बेसूर, जाडाभरडा, तालाच्या पुढं धावणारा. आई गात होती. तिला शब्द येत नव्हते, ती शेवटची दोन अक्षरं पकडून ओढत होती आणि मधल्या जागी काहीही घालत होती. टाळी चुकीच्या जागी वाजवत होती. मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुले गाता येत नाही ना. मंग मीच गातो." आणि पुन्हा सुरू झाली.

पुढच्या दोन-तीन बाया वळल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. सुरुवातीला मलाच लाज वाटली. मग जो राग आला तसा मला त्या सगळ्या महिन्यांत आला नव्हता. माझ्या आईकडं वळून बघता? जिला जन्मभर सगळ्यांनी गप्प राहा म्हटलं, जिचा या घराशी काही संबंध नाही, ती माझ्या वाटणीचं गाते आहे, आणि तुम्हाला हसू येतं? मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं आणि ओरडले.

काय निघालं ते मी सांगते. गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला. पण निघाला. आणि ढोलक इतका जोरात होता, लोक इतक्या जोरात गात होते, की तो कोणालाच ऐकू गेला नाही. मलासुद्धा तो कानानं नाही, छातीत कळला. मी पुन्हा ओरडले. मग मला कळलं की मी त्या बायांवर ओरडत नाही. लोक म्हणत होते देव चांगला आहे, आणि त्याच चालीवर, त्याच ठेक्यात मी म्हणत होते, काऊन? चांगला आहेस तर काऊन? माझाच गळा काऊन? दुसरं काही नव्हतं का तुझ्याजवळ घ्यायला? त्या गाण्याचं प्रत्येक कडवं मी असं गायले. कोणी अडवलं नाही. ढोलकवाला थांबला नाही. छपरातून वीज पडली नाही. मी जितकं भांडत होते तितकं ते गाणं मला उचलून धरत होतं, जसं पुराच्या पाण्यात हातपाय मारणाऱ्याला पाणीच वर धरतं.

गाणं संपलं, लगेच दुसरं सुरू झालं, मग तिसरं. माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं आणि मी पदरानं पुसतही नव्हते. कधीतरी, दुसऱ्या गाण्यात की तिसऱ्यात मला सांगता येणार नाही, 'काऊन' गळून पडलं आणि मी बाकीचे लोक म्हणत होते तेच शब्द म्हणत होते. मला उत्तर मिळालं म्हणून नव्हे. उत्तर मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही. पण ज्याच्यावर मी रागावले होते तो दोन हातांच्या अंतरावर उभा आहे, ही जुनी जाणीव परत आली होती. मी त्याच्या तोंडावर ओरडले होते आणि तो निघून गेला नव्हता. एवढंच. मी गुडघ्यांवर बसले. अंग हलकं झालं होतं, ताप उतरल्यावर घाम येऊन होतं तसं.

बाहेर आल्यावर आईनं चपला शोधत विचारलं, "बोलली का त्याच्यासंग?"

"हो."

"काय म्हने?"

"काही नाही म्हणाला."

"मंग मानसाईसारखाच हाय," आई म्हणाली. थोडं चालल्यावर पुढं म्हणाली, "पन तुयं तोंड बरं दिसून राहिलं."

त्या दुपारी मी दोन वेळा वाढून घेऊन जेवले आणि तोंड खोलीकडं करून झोपले. नवऱ्यानं ते पाहिलं. संध्याकाळी तो अंगणात गुणगुणत होता आणि मी दारात आले तरी थांबला नाही.

आई आठ-पंधरा दिवस राहून तिरोड्याला परत गेली. पुन्हा काही ती आमच्या उपासनेला आली नाही. मी बोलावलं तर म्हणाली, "माहं काम होतं तेवढं झालं. माहा विहार मले पुरे आहे." मी आग्रह केला नाही.

मी मात्र दर रविवारी जायला लागले. ढोलकाच्या अगदी शेजारी उभी राहायची, जिथं सगळ्यात जास्त गोंगाट असतो. एकटीनं घरात आवाज काढून पाहिला की तो काय गेलं तेच दाखवायचा आणि मन खचायचं. त्या गर्दीत तोच आवाज इतरांच्या आवाजात मिसळून जायचा आणि कोणी त्याला चांगला-वाईट म्हणायला मोकळं नसायचं. पूर्वी मी गायची तेव्हा अर्धं लक्ष लोकांकडं असायचं, कोण डोळे पुसतं, कोण हात वर करतं. आता माझ्याकडं कोणी बघत नव्हतं. सोमवारी अंगणवाडीत जाताना पाय ओढावे लागत नव्हते. काही आठवडे पुन्हा खाली घसरले, पण रविवारी ढोलक सुरू झाला की पुन्हा वर यायची. तिथं माझी निराशा उतरायची. राग तसाच राहिला, आणि तो गेला पाहिजे असं आता मला वाटतही नव्हतं.

एके दिवशी मी पाळकांना गाठलं. तोवर घोगरा का होईना, दोन वाक्यं ऐकू जातील इतका आवाज आला होता. मी म्हटलं, "बायबलातल्या स्तोत्रांमध्ये निम्म्या जागी माणूस देवाशी भांडतो आहे. ती आपण कधीच गात नाही. आपण फक्त गोड गोड उचलतो. मग ज्याचं घर जळलं तो रविवारी इथं येऊन काय गाणार?"

पाळक म्हणाले, "त्यांना चाली नाहीत."

"मी लावते."

आणि मी लावल्या. त्या कॉलेजच्या मुलीला घरी बसवून, ताल हातानं मांडीवर वाजवून. मामाच्या पार्टीतला ठेका घेतला, कारण तक्रार कशी उभं राहून करायची ते त्या ठेक्याला ठाऊक आहे. पहिलं स्तोत्र मंडळीत गायलं तेव्हा लोक गोंधळले. काहींना आवडलं नाही. पण जंगलपट्टीतल्या गावाहून येणारा एक बाप, ज्याची मोठी मुलगी गेल्या पावसाळ्यात सर्पदंशानं गेली होती आणि जो वर्षभर उपासनेत खाली मान घालून बसायचा, तो उभा राहिला आणि शेवटपर्यंत बसला नाही.

मग मला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर बोलायला सांगितलं. लोकांची अपेक्षा होती की मी म्हणेन, प्रभूनं माझा आवाज परत दिला. पाळकांच्या बायकोनं तर आधीच आमेनसाठी तोंड तयार ठेवलं होतं. मी माईक जवळ घेतला आणि म्हटलं, "माझा आवाज परत आलेला नाही. जो आला आहे तो हा. मला देवाचा राग आला होता, आणि तुमच्यापैकी काही जणांचा अजून आहे. आजारी माणसाच्या खाटेवर बसून त्याला स्तुती कर म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि स्वतः करा. माझ्या आईनं केली. ती तर मानतही नाही."

आमेन म्हणायचं की नाही ते कोणाला कळेना. पाळकांच्या बायकोचा चेहरा लाल झाला. उपासना झाल्यावर ती माझ्याकडं आली नाही, पुढचे काही रविवारही आली नाही. नंतर एकदा ती चपलांच्या ढिगाशी भेटली आणि खाली बघून म्हणाली, "ताई, मला दुसरं काही सुचत नव्हतं हो." मला वाटलं होतं मी काहीतरी लागेल असं बोलेन. पण ते खरं होतं, तिला सुचत नव्हतं. मी म्हटलं, "कोणालाच सुचत नाही." आम्ही मैत्रिणी झालो नाही, पण आता नमस्कार होतो.

डॉक्टरकडंही एकदा जाऊन आले. नळी घालून पाहिलं, म्हणाले एक बाजू अजून तशीच आहे, दुसऱ्या बाजूनं सांभाळून घेतलं आहे, बऱ्यापैकी बोलता येतं आहे, छान. मी खुर्चीवरून उठले नाही. म्हटलं, "सर, मी गाते, असं मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही फोन बघत होतात." ते काहीतरी म्हणायला गेले, कोणाकोणाला असं होतं वगैरे. मी तसंच बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हो. सांगितलं होतं तुम्ही." त्यानं माझा आवाज आला नाही. त्यांना मी माफ केलं का, असं नवऱ्यानं गाडीत विचारलं. मी म्हटलं अजून नाही. ते खोटं बोलून मला काय मिळणार होतं?

आता आवाज पुरुषी झाला आहे. वरच्या पट्टीत जाता येत नाही, तिथं पोहोचायच्या आत फाटतो. पण खाली त्याला बरी जागा सापडली आहे. या नाताळच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा त्या कॉलेजच्या मुलीनं मला पुरुषांच्या ओळीत उभं केलं, खालचे सूर धरायला. माझ्या एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. काका दर गाण्याला कानावर हात ठेवतात आणि म्हणतात, "बाई, जरा आस्ते. मेरा सुर मुझे ही सुनाई नहीं देता." मी त्यांच्याकडं बघते, मान हलवते आणि पुढचं कडवं आणखी जोरात धरते.